मुलुंडची लस गोवंडीला

लग्नकार्यात कोणी विचारलं, तुम्ही नोकरी कुठे करायचात, तर मी "लसीकरणात" असं सांगते. मग समोरची बाई आपल्या दंडावरचा लहानपणचा व्रण दाखवून विचारते, "हे असलं तुम्ही टोचायचात का?" मी आयुष्यात कोणालाही सुई टोचलेली नाही. रक्त बघितलं की मला खाली बसावं लागतं. माझं काम लस थंड ठेवायचं आणि ज्या दिवशी हवी त्या दिवशी पोचवायचं. एवढं सांगून झालं की त्या बाईचा रस संपतो आणि ती जेवणाच्या रांगेकडे बघायला लागते. माझी नणंद एकदा माझी ओळख करून देताना म्हणाली, "ही आमची वहिनी, ही फ्रिजवर असते." मी दुरुस्ती केली नाही. अगदीच चूक नव्हतं.

आमचं लस भांडार घाटकोपरला. मुलुंडपासून गोवंडी-मानखुर्दपर्यंतच्या दवाखान्यांना आणि आरोग्य केंद्रांना तिथून लस जायची. बाहेर पाटीवर 'भांडार' लिहिलेलं असल्यामुळे अधूनमधून लोक रेशनकार्ड घेऊन यायचे. एक काका बरीच वर्षं येत होते. तूरडाळ आली का विचारायचे, नाही म्हटलं की थोडा वेळ पंख्याखाली बसायचे आणि जायचे. त्यांना पाटीचा अर्थ कधीच कळला असावा. पंखा चांगला होता.

लशीबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ती जितकी गार तितकी चांगली. तसं नाही. दोन ते आठ अंश, बस. आठच्या वर गेली की हळूहळू खराब होते, हे सगळ्यांना पटतं. पण काही लशी गोठल्या तरी मरतात, हे कोणाला पटत नाही. गोठून परत वितळलेली लस दिसायला तशीच असते. कुपी जोरात हलवून ठेवली तर मात्र तिचा साका फार पटकन खाली बसतो. अशी लस टोचली तर बाळ रडतं, आई समाधानाने घरी जाते आणि उपयोग शून्य होतो. म्हणून आमचे फ्रिज घरातल्यासारखे नसतात. त्यांचं झाकण पेटीसारखं वर उघडतं, म्हणजे उघडलं तरी गारवा सांडत नाही, आणि वीज गेली तरी ते बराच वेळ थंडी धरून ठेवतात.

एकदा एका स्थानिक पुढाऱ्याने आम्हाला आइस्क्रीमवाल्यांकडे असतो तसला मोठा फ्रीझर भेट दिला. रिबीन लावली, हार घातला, फोटो झाले. मी म्हटलं, "साहेब, ह्याच्यात लस गोठेल." ते म्हणाले, "मॅडम, एकदम कडक थंड होतो, गॅरंटी आहे." मी म्हटलं, "तेच म्हणतेय." त्यांनी माझ्या खांद्यावरून फोटोग्राफरकडे बघितलं. पुढे त्या फ्रीझरमध्ये आम्ही लशीच्या डब्यांत ठेवायचे बर्फाचे पॅक गोठवायला लागलो आणि त्याचा फार उपयोग झाला. पुढारी दर निवडणुकीच्या आधी येऊन फ्रीझर चालू आहे ना बघून जायचे. चालू असायचा.

पण खरं काम फ्रिजचं नव्हतं, फोनचं होतं. लस वरून कमी आली की ती कोणाला द्यायची, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून काढायची कशी, हे काम. केंद्रांचा शिल्लक साठा मोबाईलवर दिसतो. आम्हाला घाटकोपरला बसून मुलुंडच्या फ्रिजमध्ये काय आहे ते कळायला पाहिजे, अशी ती व्यवस्था. प्रत्यक्षात प्रत्येक सिस्टर दोन-चार कुप्या हाताशी राखून असते, घरात बाई साखर राखून ठेवते तशी. त्यात चोरी नाही. पाहुणा आला तर चहा करता आला पाहिजे, एवढंच. आमची अडचण अशी, की सगळ्याच घरांत साखर राखलेली असली की दुकानात मिळत नाही.

ह्या राखून ठेवण्यात आमच्या सगळ्या विभागात शालिनी टेमकरचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

शालिनी मुलुंडच्या एका दवाखान्यात सिस्टर. आम्ही दोघी साधारण एकाच काळात नोकरीला लागलो, त्यामुळे अरेतुरेतल्या. माझे वडील गिरणीत, तिचेही गिरणीत. गिरण्या वेगळ्या, पण बंद पडायच्या गोष्टी सारख्या. दवाखान्यामागच्या डोंगरउतारावर मोठी वस्ती आहे. घरकाम करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बाया. त्यांची पोरं शालिनीला नावानिशी माहीत होती. कोणाचा डोस राहिला, कोण गावाला गेलं, कोणाची सासू पाठवत नाही, सगळं तोंडपाठ. फोनवर ती मला कधीही पूर्ण खरं सांगायची नाही आणि मीही तिला कधी पूर्ण खरं विचारायची नाही. असं आमचं छान चाललेलं होतं.

मग गोवंडीत गोवर पसरला.

गोवर म्हणजे अंगावर पुरळ, चार दिवस ताप आणि मग बरं, असं आपण समजतो, कारण आपण त्यातून उठलेलो असतो. दाटीवाटीच्या घरांत, आधीच अशक्त असलेल्या पोरांच्या छातीत तो उतरतो. गोवंडीतली मुलं हॉस्पिटलात भरती व्हायला लागली, काही ऑक्सिजनवर गेली, आणि एका आठवड्यात दोन मुलं गेल्याची बातमी आली. वरून हुकूम आला की त्या भागातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना गोवराचा जादा डोस द्या. हुकूम लगेच आला. लस यायची होती.

लसीकरणाचं काम बघणाऱ्या आमच्या डॉक्टर साठे मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. मला सुनंदाताई म्हणायच्या. त्या म्हणाल्या, "सुनंदाताई, तिथे बरीच कुटुंबं नकार देतायत म्हणे. तुम्ही एकदा स्वतः बघून या. म्हणजे किती लस लागेल त्याचा अंदाज येईल."

मी गेले. तिथे रुखसाना नावाची आरोग्यसेविका होती, त्याच वस्तीत राहणारी. ती पुढे आणि मी मागे, अशा आम्ही गल्ल्यांतून फिरलो. आमच्या कागदांवर ज्या घरापुढे 'नकार' लिहिलेलं होतं, अशा एका दारात ती थांबली. आतून एक बाई आली. मी आपलं शिकवल्याप्रमाणे सुरू केलं, की लस सुरक्षित आहे, घाबरायचं कारण नाही.

"डरता कौन है?" ती बाई म्हणाली. "तीन बार लाइन में खड़ी रही मैं. तीनों बार नंबर आया तो बोले खतम, अगले हफ्ते आओ. फिर मैंने बोला अब नहीं आती. तो लिख दिया होगा तुम लोग ने."

आतल्या खाटेवर तिचा मुलगा झोपला होता. डोळे चिकटलेले, अंगावरचं पुरळ काळं पडायला लागलेलं. तो सुटला होता. शेजारच्या घरातली मुलगी हॉस्पिटलात होती.

परतताना रुखसाना म्हणाली, "मॅडम, ऐसे बहुत घर हैं. मैंने सबको परसों का बोल के रखा है. इस बार माल आयेगा ना?"

"परसों का किसने बोला?" मी विचारलं.

"आपके ऑफिस से फोन आया था."

फोन मीच केला होता. राज्याच्या भांडारातून त्या दिवसापर्यंत लस येईल असं मला सांगितलं होतं, ते मी तिला सांगितलं होतं. आमच्या साखळीत प्रत्येक जण वरून ऐकलेलं खाली सांगतो. शेवटची कडी म्हणजे रुखसाना, आणि तिच्या खाली ती दारातली बाई. वरचे शब्द खालपर्यंत अगदी न बदलता पोचतात. लशीचं तसं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की आमच्या वाट्याचा साठा तपासणीत अडकला आहे. चार दिवस लागतील, कदाचित आठवडा. उद्या गोवंडीत बाया रांगेत उभ्या राहणार होत्या.

साठे मॅडमनी केंद्रांची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "बाकीच्या केंद्रांकडे जे आहे ते परत मागवा. सगळं."

"सगळं म्हणजे तिथलं नेहमीचं लसीकरण थांबेल."

"थोडे दिवस थांबेल. तिथे साथ नाहीये."

मी फोनवर बसले. भांडुपने थोडी दिली, विक्रोळीने कुरकुरत दिली, घाटकोपरच्या दोन केंद्रांनी, आम्ही चालत जाऊन बघू शकतो हे लक्षात घेऊन, बऱ्यापैकी दिली. तरी पुरेल असं दिसेना. मग शालिनीला लावला.

"नाहीये माझ्याकडे," ती म्हणाली. मी अजून विचारलं नव्हतं.

"अगं, मोबाईलवर दिसतायत."

"मोबाईल काय फ्रिजमध्ये बसलाय का?"

"शालिनी, मी येतेय."

"ये. चहा घे. लस नाहीये."

आमच्या व्हॅनवर परब ड्रायव्हर होते. आमच्याच बाजूचे, कणकवलीजवळचे. गाडी चालवताना फारसं बोलायचे नाहीत. बोलले तर मालवणीत, आणि बहुधा बरोबर. मी म्हटलं, "मुलुंडला चला, टेमकर सिस्टरांकडे."

"ती देवची नाय," परब म्हणाले.

"बघूया."

"बघा. मी गाडी वळवून ठेवतंय."

आम्ही पोचलो तेव्हा दवाखान्यातली गर्दी ओसरली होती. शालिनी फ्रिजच्या अगदी समोर खुर्ची टाकून बसली होती. त्या खोलीत खुर्ची ठेवायला दुसऱ्या तीन चांगल्या जागा होत्या. तिने चहा मागवला. मी गोवंडीचं सांगायला लागले, तर म्हणाली, "माहितीये. टीव्ही मी पण बघते."

"मग दे ना."

"उद्या माझ्याकडे गोवराचा दिवस आहे. डोंगरावरच्या सगळ्या बाया बोलावल्यात."

इथे थोडं सांगायला हवं. गोवराची लस कुपीत पूड असते. तिचं वेगळं पाणी येतं, ते मिसळावं लागतं. एकदा मिसळली की काही तासांतच ती संपवायची, नाहीतर फेकायची. एका कुपीत अनेक मुलांची लस होते. म्हणून एकेका मुलासाठी कुपी फोडत नाहीत, एक दिवस ठरवून सगळ्यांना बोलावतात. त्या दिवसासाठी आया कामावर खाडा करतात. तो दिवस म्हणजे आईला दिलेला शब्द असतो.

"ह्याच बायांना मी दोनदा परत पाठवलंय," शालिनी म्हणाली. "दोनदा तुझ्याकडून कमी आली म्हणून. ह्या वेळी मी थोडी थोडी जमवून ठेवली. महिनाभर जमवतेय. तुझ्या गोवंडीची पोरं ती पोरं, आणि माझी काय दगडं?"

"तिथे मुलं मरतायत गं."

"आणि इथे गोवर आला की इथेपण मरतील. इकडून तिकडे कामाला जाणारी माणसं नाहीत काय? गोवराला काय मुलुंडचा टोलनाका लागतो?"

ती म्हणत होती ते खरं होतं. फक्त गोवर गोवंडीत आज होता आणि मुलुंडला उद्या येऊ शकला असता. मी तेच म्हटलं, जरा वाईट शब्दांत. चहा आला. आम्ही प्यायलो. खिडकीतून मला परब दिसत होते. त्यांनी खरंच गाडी वळवून ठेवली होती.

मग मी तिला त्या दारातल्या बाईचं सांगितलं. तीनदा लाइनमध्ये उभी राहिली आणि मग आम्ही तिच्यापुढे 'नकार' लिहिलं, ते. मला वाटतं, बाकी कशानेही शालिनी हलली नसती. मुलं ऑक्सिजनवर आहेत हे तिला टीव्हीवर कळलं होतं. रांगेतून परत पाठवलेली बाई कशी असते, हे तिला टीव्हीवर बघायची गरज नव्हती.

ती उठली, खुर्ची बाजूला केली आणि झाकण उघडलं. वरची टोपली काढली, दुसरी काढली, आणि बीसीजीच्या खोक्यांच्या खालून गोवराच्या कुप्या बाहेर आल्या. मी अंदाज केला होता त्याच्या दुप्पट. पाण्याच्या कुप्यासुद्धा बरोबर तितक्याच, वेगळ्या बांधून ठेवलेल्या. मी सगळ्या डब्यात भरून घेतल्या.

"एक अट आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी इथे तू यायचंस. आता संध्याकाळी मी डोंगर चढून कोणाला सांगायला जाणार नाही आणि त्यांचे फोन माझ्याकडे नाहीत. त्या येतील. त्यांना तू सांगायचं. मी नाही."

"मी काय सांगू?"

"खरं सांग. सवय नसेल, पण जमेल."

दुसऱ्या दिवशी परब सगळी लस घेऊन गोवंडीला गेले आणि मी मुलुंडला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी लशीला समोरासमोर भेटले होते, डॉक्टरांना भेटले होते, मंत्र्यांनासुद्धा एकदा. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं त्या बायांसमोर, गोवंडीतल्या त्या दारातली एक सोडली तर, मी कधी उभी राहिले नव्हते. त्या बाकांवर, जिन्यावर, बाहेर कठड्यावर बसल्या होत्या. पोरांना चांगले कपडे घातलेले. एकीने बाळाच्या गालाला तीट लावली होती. शालिनी आपल्या टेबलाशी बसून सुया मोजत होती. त्या दिवशी सुयांचं काही काम नव्हतं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "आज गोवराची लस नाहीये. इथे होती. ती मी काल नेली. गोवंडीत साथ आहे, तिथे पाठवली."

कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मागे कोणीतरी "चल गं" म्हणालं आणि निघालं. पुढच्या बाकावर वैशाली नावाची एक बाई होती. तिचं नाव मला नंतर कळलं. चार घरी पोळ्या करायची. मांडीवर नऊ-दहा महिन्यांची मुलगी, श्रावणी. ती म्हणाली, "मग आमची कधी?"

"आली की लगेच. चार दिवसांत यायला पाहिजे."

"यायला पाहिजे म्हणजे येणार का?"

मी शालिनीकडे बघितलं. ती सुया मोजत होती.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हटलं.

"काल कळलं होतं ना तुम्हाला? मग कालच सांगायचं. मी आज दोन घरी खाडा केला."

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. ती मुलीला खांद्यावर टाकून निघून गेली. तास-दीड तासात दवाखाना रिकामा झाला. शालिनीने मला चहा विचारला नाही.

तेवढ्यात रुखसानाचा फोन आला. "मॅडम, लाइन लगी है. वो तीन बार वाली भी आयी है, छोटी को लेके." मागून पोरांची रडारड ऐकू येत होती. आमच्या धंद्यात तो चांगला आवाज. मी शालिनीला सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि तिने सुया कपाटात ठेवल्या. तिचं म्हणणं मनापासून होतं. राग पण मनापासून होता. दोन्ही एकाच चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

गोवंडीचं काम झालं. पुढच्या आठवड्यांत तिथली भरती होणारी मुलं कमी होत गेली. पेपरात छापूनही आलं. अडकलेला साठा चार दिवसांत नाही, आठवडा उलटून गेल्यावर सुटला. मी पहिली गाडी मुलुंडला पाठवली. शालिनीने डोंगरावर निरोप धाडला. बाया आल्या. सगळ्या नाही.

दोन दिवसांनी शालिनीचा फोन आला. "वैशालीची पोर ॲडमिट आहे. गोवर. छातीत उतरलाय. तुला सांगितलं फक्त."

आम्ही दोघी गेलो. मुलांच्या वॉर्डात श्रावणी एवढीशी पडली होती, नाकाला नळी लावलेली. वैशाली स्टुलावर बसली होती. मला बघून उठली नाही. शालिनीने चार्ट बघितला, सिस्टरशी बोलली, मुलीच्या पायाला हात लावून ताप बघितला. मला ह्यातलं काही येत नव्हतं. मी आणलेली मोसंबी हातात धरून उभी राहिले.

"त्या दिवशी तुम्हीच आलेल्या ना?" वैशाली म्हणाली.

"हो."

"तिकडची पोरं बरी झाली?"

"बरीच झाली."

तिने मुलीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "चांगलं झालं." तिच्या बोलण्यात टोमणा होता का, ते मी खूप दिवस शोधत होते. मला सापडला नाही. सापडला असता तर काम सोपं होतं.

साठे मॅडमना मी सांगितलं. त्यांनी पुरळ कधी आलं ते विचारलं, मागे मोजलं आणि म्हणाल्या, "सुनंदाताई, गोवर अंगात शिरल्यावर दिसायला दीड-दोन आठवडे जातात. त्या दिवशी लस दिली असती तरी तो आधीच शिरलेला असणार. उपयोग झाला नसता, कदाचित." त्या चांगल्या डॉक्टर होत्या आणि हिशेब बरोबर होता. त्यातला 'कदाचित' त्यांनी प्रामाणिकपणाने घातला होता, तो मी घरी घेऊन गेले. पुन्हा तसाच प्रसंग आला असता तर मी पुन्हा मुलुंडची लस गोवंडीला नेली असती. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. म्हणताना समोर वैशाली नसते, एवढंच.

श्रावणी वाचली. बऱ्याच दिवसांनी घरी गेली, काडी होऊन. मी अधूनमधून वॉर्डात जात राहिले. आमचं बोलणं फार व्हायचं नाही. एकदा मात्र वैशालीने मोबाईल पुढे केला आणि म्हणाली, "तुमचा नंबर द्या."

मला वाटलं, तक्रार करायची असेल. मी दिला.

पुढच्या महिन्यात, दवाखान्यातल्या लशीच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. मी भांडारातून निघायच्या तयारीत होते.

"वैशाली बोलतेय, मुलुंडवरून. उद्या लस आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "गाडी गेली."

"पोचली का?"

मी परबांना विचारलं. पोचली होती. तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी शालिनीने मला विचारलं, "तू डोंगरावर काय दवंडी दिलीस का? सगळ्या वेळेवर आल्या."

त्यानंतर प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी वैशालीचा फोन यायचा. आहे म्हटलं की आहे, नाही म्हटलं की नाही. नाही म्हटलं तर वाद घालायची नाही. डोंगरावर निरोप द्यायची आणि कोणी खाडा करायचं नाही. मग तिच्या शेजारणीचा फोन यायला लागला. तिच्या भावजयीचा, ती भांडुपला राहायची. गोवंडीतून रुखसानानेही दोघी-तिघींना नंबर दिला. ऑफिसात हसायचे. साठे मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे एवढी यंत्रणा आहे आणि लोक तुम्हाला विचारतात." मी म्हटलं, "यंत्रणा मला विचारते, मी परबांना विचारते."

मी निवृत्त झाले त्याला आता बरेच दिवस झाले. कांदिवलीला असते. निरोप समारंभात माझ्या कामाबद्दल जे बोलले ते बहुतेक तापमानाबद्दल होतं. शालिनीही माझ्या मागोमाग निवृत्त झाली. वैशालीला मी सांगितलं होतं, की आता मी भांडारात नाही, माझ्या जागी आलेल्या मुलीचा नंबर घे. ती म्हणाली, "त्या फोन उचलत नाहीत." मी त्या मुलीची बाजू घेतली, की कामात असेल. पण खरं म्हणजे मीही पूर्वी उचलत नव्हते.

गेल्या आठवड्यात पोळ्या करत असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. एक कोवळा आवाज, नवीनच आई झालेली असावी.

"तुम्ही लसवाल्या मॅडम ना? डोंगरावरून बोलतेय. उद्या आहे का?"

मी गॅस बंद केला. "थांब," म्हटलं. "विचारून सांगते."